आईच्या क्रमांकावर

आईचं माणसांतलं सगळं तेराव्याला आटोपलं. कागदांतलं उरलं होतं, म्हणून मी जबलपूरच्या कॉलेजातली रजा वाढवून बालाघाटलाच थांबले. पेन्शन, बँक, गॅस, मतदार यादी. एक माणूस किती ठिकाणी लिहिलेलं असतं, हे ते गेल्यावर त्याचं नाव खोडत फिरताना कळतं. मृत्यूचा दाखला पुढे केला की समोरचा माणूस एकदा माझ्याकडे बघे, एकदा दाखल्याकडे, आणि शिक्का मारून मोकळा होई. मला ते काम जड गेलं नाही. रांगेत उभं राहणं तर बरंच वाटे. तिथे कोणी सांत्वन करत नाही.

शेवटी एकच गोष्ट राहिली, तिचा सेवादाता क्रमांक.

आई, म्हणजे सगळ्यांची अहिल्या सिस्टर, जिल्हा रुग्णालयातून नर्स म्हणून निवृत्त झाली, पण घरी बसली नाही. ड्रेसिंग, इंजेक्शन, लघवीची नळी बदलणं अशा कामांसाठी लोक तिला बोलावत आणि ती जात असे. पुढे अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन केलेली शुश्रूषा सरकारी आरोग्य विम्यात बसू लागली, आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या नर्सांना क्रमांक मिळू लागले. ज्या नर्सचा क्रमांक, तिच्याच नावानं विम्याकडे बिल जाणार. क्रमांक नसेल, तर कितीही चांगलं काम करा, विम्याच्या लेखी ते झालेलंच नाही. आईला तो मिळाला तेव्हा तिनं मला फोन करून सगळे आकडे वाचून दाखवले होते. नातवंड झाल्यावर लोक त्याचं वजन सांगतात, त्या आवाजात.

काम नोंदवायची पद्धत साधी होती. रोग्याच्या घरी पोचलं की मोबाइलवर त्याचा कार्ड नंबर टाकायचा. क्रमांक जिच्या नावचा, त्या नर्सच्या फोनवर ओटीपी येतो. तो टाकला की भेट नोंदली जाते. कधी कधी विम्याच्या कचेरीतून रोग्यालाही फोन येतो, नर्स आली होती का, कोण आली होती. आई एकटी सगळीकडे पोचत नसे, म्हणून तिनं ललिता रामटेकेला हाताशी घेतलं होतं. ललिता लांजीची. गोंदिया तिथून जवळ, म्हणून नर्सिंग तिकडे शिकलेली, आणि आता बालाघाटच्या बुढी वॉर्डात खोली घेऊन राहणारी. आमच्याकडे ती आईच्या उजव्या हातासारखी वावरे. कपाटात कापसाचे बोळे कुठे आहेत हे मला ठाऊक नसे, तिला ठाऊक असे.

क्रमांक बंद करण्याचा अर्ज मी भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचा होता. दुपारी मी भात वाढून घेत होते तेव्हा आईचा फोन वाजला. तो बंद करायचा राहून गेला होता. बाबा तो रोज सकाळी आपल्या फोनच्या आधी चार्जिंगला लावत, आणि मी त्यांना काही म्हटलं नव्हतं. बाबा पाटावरून उठले, चष्मा चढवला, फोन लांब धरून पाहिला. मग त्याच फोनवरून कोणाला तरी फोन लावला आणि म्हणाले, "ललिता, लिही." आणि एकेक आकडा सुटा करून त्यांनी दोनदा वाचला. पोस्टात तार देताना वाचत असतील तसा.

फोन जागेवर ठेवून ते पुन्हा जेवायला बसले. मी विचारलं, हे काय.

"लामत्याले गेली ते. अनुसयाची पट्टी आहे आज," बाबा म्हणाले. लामता गावची अनुसया आईच्या अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांपैकी. बंडोपंत म्हणून वन विभागाच्या कचेरीत हयात घालवलेला हा माणूस. शिक्का वाकडा पडला तर कागद परत पाठवणारा.

मी म्हटलं, बाबा, आई नाही. तिच्या नावावर भेट कशी नोंदवता?

"ते मले माहीत आहे ती नाही म्हणून," ते म्हणाले, आणि वरण मागितलं.

संध्याकाळी ललिता स्वतःच आली. दुपारी फोनमागे वाढण्याचा आवाज ऐकून मी घरात आहे हे तिनं ओळखलं असावं. येऊन दाराशीच उभी राहिली. मी तिला आत बोलावलं, चहा टाकला. तिनं सांगितलं त्यावरून सगळं कळलं. आई गेल्यानंतरच्या आठवड्यात ती लामत्याला गेली होती. जखम उघडी ठेवून चालणार नव्हतं, म्हणून गेली. तिथे पोचल्यावर हातानं सवयीनं कार्ड नंबर टाकला.

"टाकल्यावर ध्यानात आलं, का हे आता जाईन कोणाले," ललिता म्हणाली. "मी मोबाइल बंदच करून राह्यलती. तं त्याच्यावर नाव आलं, अहिल्याबाई. ताई, मी अनुसया मावशीच्या खाटेवर बसून गेली. उचलू का नोको, समजेच ना."

उचलल्यावर बाबांचा आवाज आला होता, ललिता, लिही. आणि तिनं लिहून घेतलं होतं. त्यानंतर दर भेटीला तसंच चाललं होतं. त्याबद्दल दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती.

"वाजला, म्हणून पाह्यलं," बाबा म्हणाले. "आकडे होते. कोणाले सांगायचे असतात ते मले माहीत होतं. पाच-सहा महिने तुझ्या आईच्या तोंडून ऐकलं रोज."

मी ललिताला विचारलं, तू स्वतःचा क्रमांक का घेतला नाहीस. ती घाईघाईनं बोलू लागली, कारण हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणूनच ती आली होती. शिक्षण गोंदियाचं, म्हणजे नोंदणी महाराष्ट्राची. इथे काम करायचं तर तिकडून ना-हरकत आणायची आणि भोपाळला नवी नोंदणी करायची. ते हेलपाटे घालून झाले होते, नोंदणी झाली होती. आता सेवादाता क्रमांक तेवढा हवा होता. त्यासाठी जिच्या हाताखाली काम केलं त्या नर्सनं आपल्या क्रमांकावरून शिफारस करायची असते. आईनं मोबाइलवर एक बटन दाबायचं होतं.

"मग आईनं का केली नाही?"

ललितानं बाबांकडे पाहिलं. बाबा चहाच्या कपात पाहत होते.

"म्या म्हटलं न बाईले. दिवाळीले म्हटलं, संक्रांतीले म्हटलं. म्हणे, तुले नंबर भेटला का तू उडून जाशीन. हासून म्हणे. मंग मी बी हासो."

आई हे वाक्य कसं म्हणाली असेल ते मला नीट ऐकू आलं. ती मलाही तसंच काहीसं म्हणाली होती, जबलपूरची नोकरी लागली तेव्हा. पण मला तिची शिफारस लागत नव्हती, म्हणून मी गेले. ललिता थांबली होती.

बाबांनी आईचा फोन आणून टेबलाच्या मधोमध ठेवला. म्हणाले, बटन तर एकच आहे. अपू, तू दाब, ओटीपी येईल, तो मी वाचतो. मग क्रमांक बंद कर, दाखला दे, काय करायचं ते कर. तिनं उद्या परवा केलीच असती.

कोणालाही कळलं नसतं. आईनं जिवंतपणी जे दिलं नाही, ते मी तिच्या फोनवरून दिलं तर ती देणारी ठरणार होती. ते दिसायला फार चांगलं दिसलं असतं. ललिताला तिचा क्रमांक मिळाला असता, मला हवी तशी आई मिळाली असती. आणि जी होती ती, हसून टाळणारी, एकटं पडायला भिणारी बाई, तिच्याबद्दल पुन्हा कधी कोणी बोललं नसतं.

मी म्हटलं, मला हे जमणार नाही. आई गेल्यावर तिच्या नावानं काहीही करणं मला नको आहे. शिवाय तारखा जुळवणं फार सोपं असतं. उद्या कोणी जुळवल्या तर ललिताची नोंदणीही जाईल.

ललितानं कप खाली ठेवला. "बाईसारखंच बोलता तुमी," ती म्हणाली. त्यात कौतुक नव्हतं. "मंग मी काय करू, ताई? गोंदियाचा कागद हाये, भोपाळचा कागद हाये. अन् बाईचा नंबर बंद झाला का मी कोणीच नाही."

मी एवढंच म्हणाले, की उद्या कचेरीत जाऊ आणि जे आहे ते सांगू, दुसरी वाट असेल तर तेच दाखवतील. ती म्हणाली, तुमी येसान सोबत? मी म्हटलं, येईन. बाबा म्हणाले, मी बी.

विम्याचं काम पाहणाऱ्या कचेरीत मोतीलाल नावाचे बाबू होते. आईला ओळखत होते, तिच्या हातची इंजेक्शनं त्यांनी घेतली होती. बाबांना पाहून उभे राहिले, खुर्ची दिली, फार वाईट झालं म्हणाले, आणि बोलता बोलता संगणकावर आईचा क्रमांक काढला. मग पडद्यावरची तारीख बोट ठेवून दोनदा वाचली.

"भाईसाहब, सिस्टर की तो कल की विज़िट चढ़ी हुई है," मोतीलाल हळूच म्हणाले. जणू चूक त्यांचीच होती.

"ओटीपी मैंने दिया," बाबा म्हणाले.

"आपने?"

"फोन मेरे पास था. आया, तो दे दिया."

मोतीलालांनी चष्मा काढून पुसला. शेजारच्या टेबलावरचा माणूस आपल्या कागदांत जास्तच मन घालू लागला. मला वाटलं होतं आवाज चढेल. तसं झालं नाही. मोतीलाल म्हणाले की लोक काय काय करतात ते त्यांनी पाहिलं आहे, पण एखादा माणूस येऊन असं पहिल्याच वाक्याला सांगतो हे पाहिलं नव्हतं. आता असं करा. दाखला द्या, क्रमांक आजच बंद होईल. सिस्टर गेल्यानंतरच्या भेटी आम्ही मागे घेतो असं लिहून द्या, त्यांचं बिल निघणार नाही. आत्ता लिहून दिलंत तर ती चूक धरली जाईल. आम्ही शोधून काढलं असतं तर दुसरं काही धरलं गेलं असतं.

बाबांनी तिथेच बसून अर्ज लिहिला, जुन्या कचेरीच्या हिंदीत, महोदयपासून भवदीयपर्यंत. ललितानं सही केली. ज्या भेटींची मजुरी बुडाली त्या तिच्याच होत्या.

मग तिच्या क्रमांकाचं निघालं. शिफारस करणारी नर्स हयात नसेल तर एक वाट होती. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकारी रोग्याच्या घरी येऊन काम डोळ्यांनी पाहतात आणि रोग्याचा जबाब घेतात. किमान काही महिन्यांचं काम स्वतःच्या हातानं केलेलं आहे असं त्यातून दिसलं पाहिजे. ललिता म्हणाली, दिसेल. लामत्याच्या मावशीची जखम पाहा म्हणावं.

मोतीलालांनी लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "सिस्टर साथ तो जाती थीं न? हेल्पर चलती है, पर नंबरवाली नर्स का मौके पर होना ज़रूरी है."

ललिता माझ्याकडे बघत होती, मी बाबांकडे. बाबा म्हणाले, "जाती थी." ते खोटं नव्हतं. कधीपर्यंत, हे मोतीलालांनी विचारलं नाही.

लामत्याला आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो, ललिताच्या स्कूटीवर, मी मागे, मांडीवर ड्रेसिंगचा डबा. रस्त्याच्या कडेला मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. मधल्या दिवसांतही ललिता अनुसयाकडे जाऊन आली होती, नोंद न करता. गाव जवळ आल्यावर तिनं वेग कमी केला आणि मागे न वळता म्हणाली, "ताई, मावशीले म्या अजून सांगतलं नाही."

"काय?"

"बाई गेल्या ते."

मी विचारलं, मग तिला काय वाटतं. ललिता म्हणाली, तिला सांगून ठेवलं आहे की बाईंना बरं नाही. सांगायचं मनात होतं, पण दर वेळी पट्टी सोडायची, धुवायची, बांधायची, त्यात वेळ निघून जाई. मला तिला काही म्हणवेना. सांगणं किती अवघड असतं ते मीही रोज, बाबा आईचा फोन चार्जिंगला लावत तेव्हा, पाहत होते.

अनुसयाचं घर रेल्वे लाइनीपासून लांब नव्हतं. अंगणात मोह वाळत घातला होता. तिचा मुलगा प्रेमलाल शेतावर जायच्या तयारीत होता, आम्हाला पाहून थांबला. डॉक्टर मॅडम आमच्या आधीच जीपनं येऊन पोचल्या होत्या. तरुण होत्या, रीव्याकडच्या, मराठी कळत नसे असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. त्यांनी मला आणि प्रेमलालला छपरीत थांबायला सांगितलं. दार उघडंच होतं.

मला दिसत होतं ते एवढंच, एक खाट, खाटेवर कुशीवर वळवलेली एक बारीक म्हातारी, आणि ललिताची पाठ. कमरेचं हाड मोडल्यापासून अनुसया पडून होती. पाठीच्या खालच्या बाजूला जखम झाली होती. प्रेमलाल मला हळू आवाजात सांगत होता, की सुरुवातीला तिच्यात मूठ गेली असती, आता रुपयाएवढी राहिली आहे. आत ललिता काम करत होती. मधूनच मॅडम काही विचारत, ती थोडक्यात सांगे आणि हात चालू ठेवी. काही वेळानं मॅडम म्हणाल्या, ठीक है, आणि खुर्ची खाटेजवळ ओढून लिहायला बसल्या.

त्यांनी अनुसयाला विचारलं, "अम्मा, आपकी पट्टी कौन करता है?"

"अहिल्या सिस्टर," अनुसया लगेच म्हणाली.

ललिताचे हात थांबले.

मॅडमनी पुन्हा विचारलं, ही जी आत्ता करते आहे तीच करते ना. अनुसया ठामपणे म्हणाली, नाही, अहिल्या सिस्टर करते. नाव तिनं अगदी स्वच्छ उच्चारलं, पाठ केलेलं. विम्याचा फोन आला तर हेच सांगायचं, हे तिला ललितानंच शिकवलं होतं, भेट अडकू नये म्हणून. आता सरकारी बाई समोर बसून लिहीत आहे म्हटल्यावर म्हातारी आपल्या परीनं ललिताची बाजू सांभाळत होती.

"मावशी, आज खरं सांगा न," ललिता म्हणाली.

"खरंच तं सांगून राह्यली," अनुसया म्हणाली आणि तिला डोळ्यांनी खुणावलं, की तू गप्प राहा.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी उठून आत गेले. खाटेच्या त्या बाजूला, जिथे अनुसयाचं तोंड होतं, तिथे जमिनीवर बसले, म्हणजे तिला मान वळवावी लागणार नाही. इतके दिवस हे वाक्य मी फक्त खिडक्यांमधून आत सरकवलं होतं, दाखल्याच्या रूपात.

"मी अहिल्याबाईंची मुलगी," मी म्हणाले. "आई गेली, मावशी. माघात गेली."

अनुसया माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग डोळे ललिताकडे नेण्याचा प्रयत्न केला, पण ती पाठीमागे होती.

"हे तं म्हणे, बाईले बरं नाही."

"कशी सांगू तुमाले," ललिता म्हणाली.

"कशी म्हणजे? तोंडानं. मी काय मरून गेली असती? इतकी जखम झाली तं मेली नाही." तिनं हात पांघरुणातून काढून माझ्या डोक्यावर ठेवला, हलका होता, कापसासारखा. "काय झालतं?"

मी सांगितलं. झोपेत, हृदय. त्रास झाला नाही. हे वाक्य मी दुसऱ्यांच्या तोंडून बरेचदा ऐकलं होतं. स्वतः म्हणताना ते खरं वाटलं.

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मग मऊ आवाजात म्हणाल्या, अम्मा, आता सांगा. काम कोणी केलं ते सांगितलं तर या मुलीला स्वतःचा नंबर मिळेल आणि ती तुमच्याकडे येत राहील. मी त्याचं मराठी करून सांगितलं. अनुसयानं ऐकून घेतलं. तिला कळलं होतं, मघापासून आपण कोणाचं नुकसान करत होतो ते.

"हिचाच हात हाये," ती म्हणाली. "सुरूपासून हिचाच. बाई येत, या खुर्चीवर बसत, जिथं हे मॅडम बसली. गुडघे दुखत न तिचे, वाकता येत नोहतं. चहा घे, गोठी सांगे. लय हासवे. हे आपली मुकाट्यानं करे. मंग पोळ्यापासून बाईचं येनं बी राह्यलं. तवापासून हे एकटीच."

मी हेही हिंदीत सांगितलं, एक शब्द न गाळता. सांगताना आई मला त्या खुर्चीवर दिसली, पाय पुढे पसरून, बशीतून चहा पीत, दुसरीच्या हातांवर लक्ष ठेवून, सारखी बोलत. घरी ती इतकी बोलत नसे.

मॅडमनी लिहायला सुरुवात केली आणि पोळा कधी असतो ते मला विचारलं. मी सांगितलं, पावसाळा सरताना. त्यांनी मागे मोजून पाहिलं. मग पेन तसंच धरून माझ्याकडे वळल्या.

"देखिए, अगर सिर्फ़ सिस्टर के जाने के बाद का लिखूँ, तो ललिता का तजुर्बा पूरा नहीं पड़ता. पोले से लिखूँ तो पड़ जाता है. पर फिर सिस्टर की फ़ाइल में जाएगा कि वो मौके पर नहीं थीं और नाम उन्हीं का चढ़ता रहा. उनसे अब कोई कुछ पूछेगा नहीं. लेकिन लिखा तो रहेगा. आप बेटी हैं, इसलिए बता रही हूँ."

आईनं आयुष्यभर रुग्णालयात काम केलं आणि तिच्या फाइलमध्ये एक वाकडा शेरा नव्हता. निवृत्तीच्या दिवशी हे तिनं आम्हाला मुद्दाम सांगितलं होतं. मी ललिताकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. स्वच्छ पट्टी जखमेवर ठेवून तिनं ती बोटांनी दाबून धरली होती, आणि चिकटपट्टी कापायला हात पुढे करत नव्हती. मी काय म्हणते याची ती वाट बघत होती, आणि मी नाही म्हटलं असतं तरी तिनं काही म्हटलं नसतं. आईनं टाळलं तेव्हाही ती हसलीच होती.

"लिहा," मी म्हणाले, आणि मॅडमना कळावं म्हणून पुन्हा, "लिखिए, पोले से."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, अनुसयाचा अंगठा घेतला, साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. ललिताला म्हणाल्या, महिन्याभरात क्रमांक येईल, तोपर्यंत यांना दवाखान्यात आणू नका, मी गावच्या आरोग्य केंद्रातून कोणाला तरी पाठवते. ललितानं मान डोलावली आणि चिकटपट्टी कापली. अनुसया तिला म्हणाली, हळू लाव, मागच्या डाव ओढून राह्यली होती. ललिता म्हणाली, मावशी, तुमी तं मघा म्हणत होत्या का मी करतच नाही. प्रेमलाल दारात उभा होता, तो हसला. मग अनुसयाही हसली, आणि जखम दुखली म्हणून थांबली.

परत येईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. ललितानं स्कूटी फाटकाशी उभी केली, आत येत नाही म्हणाली. बाबा ओट्यावर बसलेच होते. मी त्यांना सगळं सांगितलं, मॅडमनी काय विचारलं, अनुसया काय म्हणाली, मी काय म्हटलं, आणि आईच्या फाइलमध्ये आता काय लिहिलं जाईल. ललिता फाटकाशीच उभी राहून ऐकत होती.

"गुडघ्याचं लिहिलं का त्यात?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. अनुसया बोलली, पण मॅडमनी ते लिहिलं नाही.

"तू सांगायचं न लिहायले."

"सुचलं नाही, बाबा."

"कारण लिहिलं पायजे," ते म्हणाले. "नुसतं गैरहजर म्हणून लिहिलं तं वाचणाऱ्याले वाटते कामचुकार होती."

ते उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि काखेत आईच्या गुडघ्यांच्या एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट. मोतीलालांची कचेरी सुटायला अजून वेळ होता.

"ललिता, गाडी वळव," बाबा म्हणाले, आणि पाकीट दुमडू नये म्हणून छातीशी उभं धरून तिच्या मागे बसले.